कोणत्या आवाजात म्हणू?

तीन दिवसांपासून लाइन बंद होती. पातूरच्या बसस्टँडसमोर श्रावणचं एसटीडीचं दुकान होतं. पुढे एक टेबल, मागे काचेची केबिन, केबिनच्या माथ्यावर लाल आकडे दाखवणारं मीटर. रस्त्याच्या खोदकामात कुठेतरी केबल तुटली होती, आणि टेलिफोनवाला माणूस ‘उद्या येतो’ म्हणून गेला त्याला दोन दिवस उलटले होते. गिऱ्हाइकं येत, मीटर काळं पाहून परत जात. श्रावण बाहेरच्या बाकावर कुबडी शेजारी टेकवून पेपर वाचत बसला होता. दुपारचे तीन वाजले असतील. तेवढ्यात आतून, केबिनमधून, खुशालरावांचा आवाज आला.

खुशालराव म्हणजे स्टँडवरचे कंट्रोलर. तीस वर्षं तंबाखू खाऊन त्यांचा आवाज असा झाला होता की पोत्यातून गिट्टी ओतावी. “वाशिम-अकोला गाडी लागलेली आहे. पासवाल्यांनी मागं बसा. ए म्हातारे, गठुडं टपावर टाक.” आणि मग तो त्यांचा ठरलेला खोकला, दोनदा छोटा, एकदा लांब.

हे आत कधी गेले, असं म्हणत श्रावणने मान वर केली, तर खुशालराव रस्त्यापलीकडे चहाच्या गाडीपाशी उभे होते. बशीतून चहा पीत होते.

श्रावण उठला. लहानपणी पोलिओने एक पाय वाळला होता, त्यामुळे उठायला त्याला वेळ लागे. त्या दिवशी तो किती झटकन उठला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. केबिनचं दार ओढलं. आत स्टुलावर त्याची पोरगी बसलेली. भावना, वय वर्षं सहा. पाय जमिनीला टेकत नव्हते. कानाला बंद फोन लावलेला. तिने बापाकडे पाहिलं आणि खुशालरावांच्या आवाजात म्हणाली, “काय पाह्यतं? जागा नाई.”

श्रावण इतका हसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याने खुशालरावांना हाक मारून बोलावलं. तेही हसले. पण ती खोकली तेव्हा त्यांचं हसू मध्येच थांबलं. त्यांनी आपल्याच छातीवर हात ठेवला आणि पोरीकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. “एकदम बराबर हाये बाप्पा,” एवढंच म्हणाले आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघून गेले.

साल दोन हजार पाचचं. भावना शाळा सुटली की दुकानात यायची, कारण आई ललिता अंगणवाडीत असायची आणि घरी दुसरं कुणी नव्हतं. टेबलाखाली बसून ती पाटीवर रेघा ओढायची. फोनवर बोलणारी माणसं केबिनचं दार लावून घेत, पण खेड्यातला माणूस फोनवर बोलतो तो पलीकडच्या गावाला ऐकू जाईल अशा बेताने. सगळं बाहेर ऐकू यायचं. श्रावणला त्याची इतकी सवय झाली होती की त्याला ते ऐकूच येत नसे. पोरगी ऐकत होती, हे त्याला आता कळलं.

पुढच्या आठवड्यात त्याने तिची परीक्षाच घेतली. शाळेतल्या बाई, भाजीवाली सईदाखाला, बोबडं बोलणारा पोस्टमन, मशिदीशेजारच्या गॅरेजमधला शाकीब. नुसता आवाज नाही, मधला श्वास, गिळलेला आवंढा, बोलता बोलता दुसरीकडे लक्ष गेल्यावर शब्द कसा लोंबतो तेसुद्धा. डोळे मिटले तर माणूस समोर उभा.

श्रावणच्या डोक्यात तेव्हापासून एकच विषय. लहानपणी त्याचाही हात चित्रात बरा होता. भिंतीवर कोळशाने काढलेला बैल पाहून मास्तर म्हणाले होते, ह्याला शिकवा. शिकवायला कुणाला सवड होती? पायाच्या उपचारांतच सगळं गेलं. पुढे अपंगांच्या कोट्यातून फोन मिळाला, पोट भरलं, पण चित्र गेलं ते गेलंच. पेपरात मुलांच्या सुप्त गुणांवर काही आलं की तो कात्रण कापून ठेवी. त्यात लिहिलेलं असे की सहा ते आठ ही वर्षं महत्त्वाची, आईबापांनी वेळीच ओळखलं नाही तर गुण कायमचा मिटतो. आपल्याकडून राहून गेलं तर?

“तुमी लय मनावर घेऊन राहिले,” ललिता म्हणाली.

“तुले कौतुक नाही का तिचं?”

ललिता भाकरी थापत होती. हात थांबवून म्हणाली, “माह्याकडे अंगणवाडीत चाळीस लेकरं हायेत. समदे नकला करतात. लेकरू नक्कल करते तवा आपल्या तोंडाकडे पाह्यते, आपण हसलो का नाई म्हणून. आपली भावना कोनाकडेच पाह्यत नाई. तिचे डोये पाह्यले का तुमी तवा?”

श्रावणने पाहिले नव्हते. तो डोळे मिटून ऐकायचा.

अकोल्याला जठारपेठेत तनवीर सर म्हणून एक गृहस्थ होते. उमेदीत नाटकं केलेली, रेडिओवर आवाज दिलेला. आता दर रविवारी माडीवरच्या मागच्या खोलीत मुलांना नाट्यवाचन शिकवत. श्रावण पोरीला घेऊन एसटीने तिथे गेला. सरांनी पंधरा मिनिटं ऐकलं. भावनाने आठ-नऊ माणसं काढून दाखवली. बाकीची मुलं हसून लोळत होती. सर हसले नाहीत. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, “बेटा, परत एकदा तो गॅरेजवाला.” ती बोलत असताना त्यांचा हात तिच्या पाठीवरच होता.

मग मुलांना बाहेर खेळायला पाठवून ते श्रावणला म्हणाले, “श्रावणभाऊ, मी चाळीस वर्षं ह्या धंद्यात आहे. नक्कल करणारा थोडा वाढवून सांगतो, तिथेच मजा येते. तुमची मुलगी काहीच वाढवत नाही. आणि दुसरं असं की एका दमात तिने जेवढं वाक्य म्हटलं, तेवढा दम सहा वर्षांच्या छातीत मावतच नाही. मी मोजलं.”

“म्हणजे लय मोठा गुण हाये ना सर?”

तनवीर सरांनी भावनाला आत बोलावलं. “बेटा, शाळेतली एखादी कविता येते? म्हण बरं.”

भावना उभी राहिली. तिने हाताची घडी घातली, तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. बापाकडे पाहिलं. मग हलकेच विचारलं, “कोनत्या आवाजात म्हनू?”

“तुझ्या.”

ती विचार करत उभी राहिली. सोप्या प्रश्नाचं उत्तर आठवत नसलं की मुलं जशी बोटं मोडतात तशी बोटं मोडत. शेवटी तिने कविता म्हटली. आवाज मुलीचाच होता. खाली उतरल्यावर श्रावणच्या लक्षात आलं की दारात उभ्या असलेल्या, सरांच्या नातीचा तो आवाज होता. तासाभरापूर्वी त्या पोरीने त्यांना पाणी आणून दिलं होतं.

सर जिन्यापर्यंत आले होते. “शिकवायचं असेल तर मी शिकवीन,” ते म्हणाले. “पण आधी तिला तिचं काही शिकू द्या. घाई करू नका.”

घाई करू नका हे वाक्य श्रावणने ऐकलं आणि सोडून दिलं. मोठ्या माणसांना लहानांचं मोठेपण पाहवत नाही, असं काहीतरी त्याच्या मनात आलं. पुढे, सगळं घडून गेल्यावर, कितीतरी दिवस त्याला त्या विचाराची शरम वाटत राहिली.

जानेवारीत पातूरच्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. श्रावणनेच बाईंना सांगून भावनाचं नाव दिलं. मांडव भरला होता. माइक तिच्या उंचीला आणला गेला. तिने खुशालराव काढले, मांडव हसला. सईदाखाला काढली, ती स्वतःच पहिल्या रांगेत तोंडाला पदर लावून हसत होती. मग भावना थोडी थांबली. तिने मान जराशी डावीकडे कलती केली, बहिऱ्या कानाचा माणूस करतो तशी.

“हालो. हालो, कोन, बाई का? मी बोलून राहिलो, तुहा बाबा. जेवली का वं? नाई, आमचं काय, बरं हाये. तुही माय बी बरी हाये. मंगळवारी परत करतो फोन. अभ्यास कर. ठेवू का? तू ठेव आधी.”

लोक हसले. म्हातारा गोड होता. पण मांडवाच्या मागच्या बाजूला एक बाई उभी राहिली. पांढरं कपाळ, हिरवट लुगडं. दोन्ही हात पुढे करून, अंधारात चालावं तशी, माणसांच्या मधून वाट काढत स्टेजकडे चालत आली. हसणं हळूहळू थांबलं.

त्या मनकर्णाबाई होत्या. चार कोसांवरच्या गावातल्या. त्यांचे मालक जानराव भादव्यात फवारणीचं औषध पिऊन गेले होते. त्या सालात अशा बातम्या इतक्या येत होत्या की पेपर त्या आतल्या पानावर चार ओळींत छापत असे. जानराव दर मंगळवारी बाजाराला आले की श्रावणच्या केबिनमधून अमरावतीला फोन करत. पोरगी तिथे नर्सिंग शिकत होती. शेवटचा फोनही इथूनच केला होता. श्रावणला तो आता आठवला. डाव्या कानाने कमी ऐकणारा, नेहमी रिसीव्हर पुसून ठेवणारा माणूस.

मनकर्णाबाई स्टेजपाशी आल्या आणि खालूनच म्हणाल्या, “ठेवू नका ना. आणखीन बोला.”

भावनाला ढाल मिळाली. श्रावणने ती टीव्हीवर ठेवली. ललिताने ती काढून कपाटात टाकली.

पुढच्या मंगळवारी दुपारी मनकर्णाबाई दुकानात आल्या. फडक्यात बांधून बोरं आणली होती. “एकडाव ऐकू द्या श्रावणभाऊ. माह्याशी ते फोनवर कधीच बोलले नाईत. आमी एका घरात, फोन कायले करतीन? पोरीसंग कसे बोलत, ते मले मालूमच नव्हतं.”

श्रावणला नाही म्हणवेना. यात पोरीचं काय जातं? उलट तिच्या गुणाचा कुणाला आधार होत असेल तर त्याच्याइतकी चांगली गोष्ट कोणती? त्याने केबिनचं दार उघडलं. भावना स्टुलावर बसली, मनकर्णाबाई खाली जमिनीवर. दार लागलं. दहा मिनिटांनी बाई बाहेर आल्या त्या दुकानाला हात जोडून गेल्या.

मग बातमी पसरली. जाईबाई आली, तिचा दीर गेला होता. तिच्यामागून एक आई आली, तिचा मुलगा याच केबिनमधून पुण्याला कामासाठी फोन लावायचा. वाडेगावकडच्या दोघी, आलेगावची एक. सगळ्यांची गेलेली माणसं कधी ना कधी ह्या फोनवर बोलली होती. कुणी तूप आणी, कुणी तुरीच्या शेंगा. पैसे श्रावणने एकदाही घेतले नाहीत आणि त्या गोष्टीचा त्याला अभिमान होता. दुपारच्या वेळी दुकानाच्या सावलीला बायका बसलेल्या असत, दवाखान्यात बसतात तशा, न बोलता. फोन करायला आलेली माणसं त्यांना पाहून चपला न वाजवता आत येत.

घरात बदल सुरू झाला तो आधी ललिताला दिसला. पोरगी पाणी मागायची ते जाईबाईच्या दिराच्या आवाजात. झोपेतून उठून आईला हाक मारायची ती पुण्याला फोन करणाऱ्या पोराच्या आवाजात. “माये.” भावना आईला ‘आई’ म्हणे, ‘माये’ कधीच नाही. शाळेतल्या बाईंनी ललिताला बोलावून घेतलं. हजेरी घेताना भावना गैरहजर मुलांच्या आवाजात ‘हजर’ म्हणते, त्या म्हणाल्या. आधी गंमत वाटली. पण काल एका मुलाचं नाव त्यांनी चुकून घेतलं. तो आदल्या वर्षीच, भावना शाळेत येण्याआधी, गाव सोडून गेला होता, तिने त्याला पाहिलंसुद्धा नव्हतं. आणि मागच्या बाकावरून ‘हजर’ आलं. ज्या मुलांना तो माहीत होता, त्यांनी वळून पाहिलं.

त्या संध्याकाळी ललिताने श्रावणसमोर ताट ठेवलं आणि स्वतः समोर बसली.

“एक इचारू? आपल्या पोरीचा आवाज कसा हाये, तुमाले आठवते का?”

“म्हणजे काय? हा काय, रोज तर ऐकतो...”

“आठवून सांगा.”

श्रावणने घास खाली ठेवला. त्याला वाटलं होतं, आठवायला काही नाहीच. त्याने डोळे मिटले. खुशालराव ऐकू आले. जानराव ऐकू आले, जाईबाईचा दीर आला, सईदाखाला आली. त्यांच्या मागे एखाद्या लहान पोरीचा आवाज असेल म्हणून तो शोधत राहिला. मग उठला आणि टेप काढली. तिच्या गुणाची नोंद असावी म्हणून त्याने सात कॅसेटी भरल्या होत्या. नवरा-बायको ऐकत बसले. एकामागून एक माणसं बोलत होती. मध्ये मध्ये श्रावणचा स्वतःचा आवाज, ‘वा! आता दुसरा!’ सातही कॅसेटींत भावनाचं म्हणून एक वाक्य नव्हतं.

भावना दाराशी पाठ टेकून बसली होती. ती त्यांच्याकडे पाहत होती, आणि तिचे ओठ, टेपमधले शब्द येण्याच्या किंचित आधी, आवाज न करता हलत होते.

“उद्यापासून बंद,” श्रावण म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. मनकर्णाबाई नेहमीच्या वेळी आल्या. श्रावणने त्यांना सांगितलं, की पोरीची तब्येत बरी नाही, आता हे होणार नाही. त्या ऐकून घेत होत्या. बाजूला बसलेल्या बायकाही ऐकत होत्या. मनकर्णाबाई म्हणाल्या, “बरं. तुमचं लेकरू हाये. पण मले त्यायले एकच गोष्ट इचाराची होती. माही हिंमत होत नव्हती, म्हणून दरवेळी नुसतं ऐकून जात होती. आज इचारतो असं ठरवून निघाली होती मी. इचारू द्या अन् मग नाई येत.”

“बाई, तिले कसं मालूम असणार? तिनं फोनवरचं ऐकलं तेवढंच ती बोलते.”

“तर मंग ते काई बोलणार नाईत. मी उठून जाईन.”

ह्या बोलण्यात श्रावणला आधार सापडला. उत्तर आलं नाही तर बाईंचंही समाधान होईल आणि आपल्यालाही कळेल, की ही नुसती पाठ केलेली वाक्यं आहेत. त्याच्या मनात खोल कुठेतरी तेच कळून घ्यायचं होतं. ललिता त्या दिवशी अंगणवाडी लवकर आटोपून पोरीला न्यायला आली होती. ती “नको” म्हणाली. पण तोवर भावना आपणहून स्टुलावर चढली होती.

ह्या वेळी दार उघडंच ठेवलं. भावनाने मान डावीकडे कलती केली. रिसीव्हर तिने घेतलाच नाही.

मनकर्णाबाई जमिनीवर बसल्या. बाहेर नांदेडची गाडी आली आणि गेली. मग त्या म्हणाल्या, “काहून गेले तुमी? मले का नाई सांगतलं?”

काहीच झालं नाही. श्रावणने श्वास सोडला. आणि मग जानराव बोलले. मांडवात बोलले होते तसे नाही. फोनवर माणूस ओरडून बोलतो. हे शेजारी बसलेल्याशी बोलावं तसं होतं.

“मने, तुले सांगतलं असतं तर तू जाऊ देलं नसतं. एवढंच.”

मनकर्णाबाईंचा हात तोंडावर गेला. नंतर त्यांनी सांगितलं, की ‘मने’ त्यांना लग्नापासून एकाच माणसाने म्हटलं होतं, तेही चारचौघांत कधी नाही.

“आता येत जाऊ नको,” आवाज पुढे म्हणाला. “इथं लय अडचण होते, मने. लय जन झालो आमी. ही पोरगी लहान हाये. तिले बसाले बी जागा नाई राह्यली. तिकडं कोपऱ्यात बसली हाये, गुडघे पोटाशी घेऊन. मी मनतो तिले, बाई, तू बोल. तर मनते, माही पाळी येतच नाई.”

ललिता पुढे धावली, पण मनकर्णाबाई तिच्या आधी उठल्या. त्यांनी भावनाच्या गळ्यावर हात ठेवला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. मग पुन्हा ठेवला आणि तसाच राहू दिला. “जा तुमी,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज स्थिर होता. “मी नाई बोलावत आता. जा. लेकराले बसू द्या.”

भावनाची मान सरळ झाली. तिचे ओठ निळसर पडले होते आणि भर दुपारी ती थरथरत होती. ललिताने तिला पदरात गुंडाळून उचललं.

मनकर्णाबाई बाहेर आल्या. सावलीत बसलेल्या बायकांनी सगळं ऐकलं होतं. एक म्हणाली, “पण माहा पोरगा...” मनकर्णाबाई दुकानाच्या पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, “तुह्या पोराले बी इथून सुटू दे, घरी येऊ दे. चाल. उठा समद्या.” त्यानंतर महिनाभर, दर मंगळवारी, त्या पायरीवर येऊन बसत. कुणी बाई आली, की तिला आत न जाऊ देता आपल्याजवळ बसवत आणि म्हणत, मले सांग तुह्या मालकाबद्दल. बाई बोलत राही. मनकर्णाबाई ऐकत राहत. श्रावण टेबलामागून पाहत असे. हे आपल्याला आधी का सुचलं नाही, असं त्याला वाटे.

भावना दुसऱ्या दिवसापासून बोललीच नाही. अकोल्याच्या डॉक्टरांनी गळा तपासला, काही दोष नाही म्हणाले. तनवीर सरांनी फोनवर सारं ऐकून घेतलं आणि एकच सल्ला दिला, “तिला बोलायला लावू नका. वाट पाहा.” ललिता तिला अंगणवाडीत नेऊ लागली. तिथली पोरं दोन-तीन वर्षांची, ज्यांना धड बोलता येत नाही अशी. त्यांच्यात ती दिवसभर चिखलाच्या चुली मांडायची. श्रावणने त्या सात कॅसेटींची फीत ओढून काढली आणि चुलीत घातली. ती जळत असताना तो बाहेर जाऊन उभा राहिला.

चाळीस दिवस झाले, पन्नास झाले. रस्त्याने जाताना श्रावणला वाटायचं, की आपण पोरीला वाढवता वाढवता हरवून बसलो. ज्या कात्रणांत गुण मिटतो म्हणून लिहिलं होतं, त्यांत पोरच मिटलं तर काय करायचं ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मार्चच्या शेवटी एका सकाळी ललिता अंगणवाडीतून थेट दुकानात आली. तिला धाप लागली होती.

“बोलली. एका पोट्ट्यानं तिची चूल मोडली. तर वरडली त्याच्यावर, ‘माही हाये थे!’ म्हणून.”

श्रावण उठून उभा राहिला. तोंडातून पहिला प्रश्न आला तो हाच, “कोनत्या आवाजात?”

“तिच्या.”

“तुले कसं समजलं?”

ललिताने त्याच्याकडे पाहिलं आणि ती आल्या पावली परत गेली. संध्याकाळी त्याने स्वतः ऐकलं. बारीक, थोडा घशात अडकणारा, रागावला की वर चढणारा आवाज. त्याला तो ओळखू आला नाही. त्याने पुष्कळ प्रयत्न केला. स्टँडवरची, शाळेतली, केबिनमधून बोललेली प्रत्येक लहान पोर त्याने आठवून पाहिली. हा आवाज त्यांच्यापैकी कुणाचा नव्हता. एवढ्यावर त्याला समाधान मानावं लागलं, आणि हळूहळू त्याने मानलं.

त्यानंतर वर्षभरात लोकांच्या खिशात मोबाइल आले आणि केबिन आपोआप रिकामी पडली. श्रावणने ती काढून तिथे झेरॉक्सचं मशीन लावलं. भावना साधारण मुलीसारखी वाढली. गणितात कच्ची, धावण्यात बरी, गाण्यात काही नाही. पालकसभेत बाई म्हणत, “तशी हुशार आहे, पण कशात विशेष असं नाही.” बाकीचे आईबाप हे ऐकून खट्टू होत. श्रावण हसून सही करायचा. घरी येताना मात्र कधीकधी त्याच्या मनात यायचं, की आपण तिच्यातलं एक दार कायमचं लावून घेतलं. दाराआड काय होतं ते आपण तरी कुठे धड पाहिलं?

ती पाचवीत असताना एक फॉर्म घेऊन आली. तालुक्याची वक्तृत्व स्पर्धा, पालकांची सही हवी. ललिता म्हणाली, “नाई.” भावना म्हणाली, “काहून नाई? समद्यायच्या घरी हो म्हणतात.” तिला काही आठवत नव्हतं, किंवा तसं ती दाखवत होती.

श्रावण खाटेवर बसला होता. “म्हण बरं भाषण,” तो म्हणाला. ललिताने त्याच्याकडे पाहिलं, पण ती गेली नाही. दाराशी उभी राहिली.

भावनाने हाताची घडी घातली. “अध्यक्ष महाशय, गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो.” श्रावण मान खाली घालून ऐकत होता. शब्द ऐकत नव्हता. शब्दांच्या खाली, श्वासाच्या मागे कुणी आहे का, ते ऐकत होता. ‘स्वावलंबन’ ह्या शब्दावर ती अडखळली. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथेच अडखळली. जीभ चावली, चिडली, पाय आपटला. तिसऱ्यांदा सुरू केलं आणि ‘स्वालवंबन’ म्हणून स्वतःच हसायला लागली. हसताना तिने आधी आईच्या तोंडाकडे पाहिलं, मग बापाच्या, तेही हसतात का ते बघायला.

ललिताच्या हातातलं फडकं खाली पडलं. ती वळून आत गेली आणि आतून तिचा नाक ओढल्याचा आवाज आला.

“येईन का मले, बाबा?” भावनाने विचारलं.

“नाई येणार,” श्रावण म्हणाला. “पाठ कर. अजून चार दिवस हायेत.” आणि त्याने फॉर्म मांडीवर घेऊन, कागद फाटेल इतका जोर देऊन, सही केली.